कागद नव्हे, एकर मोजा: टेक्ससच्या काउंटीत नव्या तेल-लीजवर नजर कशी ठेवायची

टेक्ससमधल्या एका काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्लर्कच्या दप्तरात दोन पानांचा दस्त नोंदला जातो. मथळा 'मेमोरँडम ऑफ ऑइल अँड गॅस लीज'. लिहून देणार एक खासगी मालक, लिहून घेणार कधी नाव न ऐकलेली एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची खासगी कंपनी. मुदत तीन वर्षं, पुढे दोन वर्षं वाढवायची मुभा. खाली जमिनीचं वर्णन, सही, नोटरीचा शिक्का. मालकाला रोख किती मिळाले, रॉयल्टी, म्हणजे पुढे निघणाऱ्या तेलातला त्याचा वाटा, किती ठरली, याबद्दल अवाक्षर नाही. मूळ करार वीस-पंचवीस पानांचा असतो आणि तो दोन्ही पक्षांच्या कपाटात राहतो. दप्तरात येतो तो हा त्याचा त्रोटक गोषवारा. तिथे विहीर खोदणारी रिग उभी राहायला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल, कदाचित ती कधीच उभी राहणार नाही. पण कोणीतरी त्या भागात पैसे लावायला लागलंय, याची सरकारी दप्तरातली पहिली खूण बहुतेक वेळा हा दोनपानी कागदच असतो.

तेलासाठी करार करायचा तर तो सरकारशी, शेतकऱ्याशी कसा? आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. भारतात तेल-वायूचे परवाने सरकार देतं. मुंबई हायच्या समुद्रात असो की आसामच्या जमिनीवर, बांधाच्या मालकाला खालच्या तेलात वाटा नसतो. अमेरिकेत खासगी जमिनीखालचं तेल खासगी मालकाचं असू शकतं. शिवाय वरची जमीन आणि खालचं खनिज या दोन वेगळ्या मालमत्ता मानल्या जातात आणि वेगवेगळ्या विकता येतात. आजोबांनी १९२८ साली शेत विकताना खनिजाचा अर्धा हक्क स्वतःकडे राखला असेल, तर आज वर राहणाऱ्याकडे फक्त उरलेला अर्धा असतो. टेक्ससच्या कायद्यात खनिजाचा हक्क वरचढ धरला जातो: तेल काढण्यापुरता जमिनीचा वाजवी वापर खनिजमालक, किंवा त्याच्याकडून लीज घेणारी कंपनी, करू शकते. डॅलस-फोर्ट वर्थ आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांनी आपलं खरेदीखत काढून 'सेव्ह अँड एक्सेप्ट' किंवा 'रिझर्व्हेशन' या शब्दांनंतरची ओळ एकदा वाचावी. खनिज आधीच्या मालकाने किंवा बिल्डरने स्वतःकडे ठेवलेलं असणं तिथे अगदी नेहमीचं आहे.

आणखी एक फरक डोक्यात पक्का असावा. आपल्याकडे सातबारा आहे. आज मालक कोण, ते एका उताऱ्यावर दिसतं, फेरफार होतो, वारसनोंद लागते. टेक्ससमध्ये सातबाराच नाही. क्लर्कचं दप्तर हे आपल्या सूची क्रमांक दोनसारखं आहे: कोणी कोणाला काय लिहून दिलं, त्या दस्तांची यादी. आजचा मालक कोण, हे त्या दस्तांची साखळी मूळ सरकारी अनुदानापासून, म्हणजे सरकारने ती जमीन पहिल्यांदा कोणाला दिली तिथपासून, जोडत आणून स्वतः ठरवायचं. ही साखळी जोडून देणाऱ्या लँडमनचा व्यवसाय यावरच जगतो. काउंटीचं मूल्यांकन कार्यालय खनिजमालकांची करयादी ठेवतं, पण तिच्यात उत्पादन चालू असलेलेच हक्क असतात. जिथे विहीर नाही तिथलं खनिज त्या यादीत नसतं, आणि नव्या लीजचा माग काढणाऱ्याला नेमकी तीच जमीन हवी असते.

दप्तर कसं चाळायचं

टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत. बहुतेकांची नोंदसूची आता ऑनलाइन दिसते, कुठे क्लर्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, कुठे वर्गणी भरून खासगी साइटवर. सूची चाळणं पुष्कळदा फुकट असतं, दस्ताच्या प्रतीला पानामागे साधारण एक डॉलर पडतो. म्हणून आधी सूचीतून गाळायचं आणि मग मोजके दस्त विकत घ्यायचे.

शोध नावाने घेऊ नका. नवा खेळाडू कोण, तेच तर शोधायचंय. तारखांचा पट्टा आणि दस्ताचा प्रकार यांवर शोधा. इथेच पहिला खड्डा आहे, कारण प्रत्येक काउंटीचा कारकून प्रकारांना आपापली नावं देतो. एकीकडे 'ओजीएल' (ऑइल अँड गॅस लीज), दुसरीकडे 'ऑइल गॅस अँड मिनरल लीज', तिसरीकडे नुसतं 'लीज', आणि त्यातच गुरं चारायच्या, सौरऊर्जेच्या, पवनचक्क्यांच्या लीज मिसळलेल्या. मेमोरँडम कधी लीजखाली जातो, कधी 'मेमोरँडम' असा वेगळा. खात्री करण्याचा सोपा उपाय असा: त्या काउंटीतल्या, आधी माहीत असलेल्या दोन-तीन लीज नावाने शोधा आणि त्या कोणत्या प्रकाराखाली चढवल्यात ते टिपून ठेवा. तेवढे सगळे प्रकार दर खेपेला तपासायचे.

पहिल्या बैठकीत मागची पाच-सहा वर्षं उपसावी लागतात. तीन अधिक दोन ही मुदत सर्रास असल्याने आज जिवंत असू शकणारी, पण विहीर न लागलेली बहुतेक लीज या पट्ट्यात सापडते. त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरे. रोज बघण्यात अर्थ नाही. कारकुनाची चढवाचढवीच काही दिवस मागे असते. मात्र दर वेळी मागचे तीन आठवडे पुन्हा चाळा. उशिरा चढवलेले आणि दुरुस्त केलेले दस्त मागच्या तारखेत येऊन बसतात आणि शेवटच्या तारखेपासून पुढेच बघणाऱ्याच्या हातून निसटतात.

सूचीत एकाच लीजच्या बारा ओळी दिसतील, कारण लिहून देणारे बारा जण आहेत. दस्त क्रमांकावरून त्या एकत्र करा. मग एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक दस्ताची एक ओळ: दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, लीज लागू झाल्याची तारीख, देणार, घेणार, मुदत, वाढीव मुदत, सर्व्हेचं (मूळ अनुदानाच्या तुकड्याचं) नाव, अॅब्स्ट्रॅक्ट क्रमांक (तो काय, ते पुढे येईल), एकर, आणि हा दस्त कोणत्या जुन्या दस्ताचा हवाला देतो तो क्रमांक. आणखी एक रकाना जरूर ठेवा: 'नोंदणीनंतर दस्त कुठे परत पाठवायचा' तो पत्ता. लीज पाच वेगवेगळ्या एलएलसींच्या नावाने घेतल्या असतील, पण परतीचा पत्ता पाचांवर एकच असेल, तर घेणारा हात एकच आहे. पानाच्या तळाशी छापलेला मसुद्याचा सांकेतिक क्रमांकही असाच चुगली करतो. मोठी कंपनी स्वतःच्या नावाने लीज क्वचितच सुरू करते. नाव फुटलं की भाव चढतो. आधी दलाल फर्म आपल्या नावाने शे-दोनशे लीज गोळा करते आणि मग एका 'असाइनमेंट'ने, म्हणजे हस्तांतराच्या दस्ताने, सगळ्या एकगठ्ठा खऱ्या कंपनीकडे जातात. म्हणून असाइनमेंटच्या मागे जोडलेली यादी हाती लागली, तर ती पूर्ण विकत घ्या. चाळीस पानं असली तरी त्या चाळीस डॉलरांत कोणाचा डाव आणि किती मोठा, ते कळतं.

जमीन कुठे आहे ते ओळखणं

ओक्लाहोमा, नॉर्थ डकोटा वगैरे राज्यांत जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली आहे. टाउनशिप, रेंज, सेक्शन. एक सेक्शन ६४० एकरांचा. पत्ता वाचला की नकाशावर बोट ठेवता येतं. टेक्सस स्वतंत्र देश म्हणून राहून आलेलं राज्य, त्यामुळे तिथे ही आखणी नाही. पश्चिम टेक्ससमध्ये रेल्वे कंपन्यांना दिलेले ब्लॉक आणि सेक्शन आहेत, ते त्यातल्या त्यात सरळ. दक्षिणेकडे मात्र स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातली अनुदानं, वेडीवाकडी, नदीच्या वळणाने गेलेली. लांबी व्हारामध्ये: एक व्हारा म्हणजे ३३⅓ इंच. क्षेत्र लीगमध्ये: एक लीग सुमारे ४,४२८ एकर. आणि 'लेबर' म्हणजे मजुरी नव्हे, ते सुमारे १७७ एकरांचं स्पॅनिश माप आहे. चतुःसीमेत 'अमक्या ओढ्याकाठच्या ओकच्या झाडापासून उत्तरेला ९५० व्हारे' असं येतं आणि ते झाड पडून शंभर वर्षं झालेली असतात.

यातून सोडवतो तो अॅब्स्ट्रॅक्ट क्रमांक. काउंटीतल्या प्रत्येक मूळ अनुदानाला असा क्रमांक आहे, आपल्या गट नंबरासारखा. दस्तातून तो उचला आणि रेलरोड कमिशनच्या फुकट नकाशावर तो तुकडा शोधून रंगवा. (हे रेलरोड कमिशन टेक्ससमध्ये तेल-वायूचं नियंत्रण करतं. १८९१ मध्ये ते रेल्वेसाठी स्थापन झालं. रेल्वेचं उरलंसुरलं कामही २००५ मध्ये गेलं, नाव तेवढं चिकटलं.) सगळी हद्द मोजत बसू नका. पाच हजार एकरांच्या अनुदानातला शंभर एकरांचा तुकडा नेमका कोणत्या कोपऱ्यात, हे पुढे वेळ आली तर बघता येतं. सुरुवातीला कोणते अॅब्स्ट्रॅक्ट रंगतायत आणि रंग कोणत्या दिशेने सरकतोय, एवढं पुरे.

आकडा कुठे फसवतो

'या महिन्यात काउंटीत ८० नव्या लीज' हे वाक्य ऐकायला भारी, पण त्याला जवळपास काहीच अर्थ नाही. समजा १६० एकरांच्या एका तुकड्याचे २४ वारस आहेत. कंपनीला प्रत्येकाची सही हवी, म्हणून २४ लीज होतात, आणि प्रत्येकीत जमीन लिहिलेली असते १६० एकर. आकडे जसेच्या तसे बेरजेला घेतले तर ३,८४० एकर होतात. जमीन १६०च आहे. दुसरीकडे एका मोठ्या रँचची एकच लीज वीस हजार एकरांची असू शकते. त्यामुळे मोजायचे ते कागद नव्हेत, नकाशावर नव्याने रंगलेले एकर.

वारसाचा खरा हिस्सा किती, हे लीजमध्ये सहसा नसतं. 'या जमिनीतला माझा जो काही हक्क असेल तो' असं त्यात लिहून दिलेलं असतं. त्या खऱ्या हिश्श्याच्या एकरांना नेट मिनरल एकर म्हणतात आणि पैसे त्यावरच मिळतात. १६० एकर, त्यातल्या खनिजाचा एक चतुर्थांश आजीकडे, तिची पाच मुलं. एका मुलाचा हिस्सा १६० × ¼ × ⅕, म्हणजे ८ नेट एकर. बोनस, म्हणजे लीज देताना मिळणारी रोख, एकरी १,५०० डॉलर ठरला तर त्याच्या हाती १२,००० पडतात, १६० एकरांचे २,४०,००० नव्हे. पुढे ६४० एकरांच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र केलेल्या तुकड्यांत) विहीर लागली आणि रॉयल्टी एक चतुर्थांश असेल, तर त्याचा वाटा ८ भागिले ६४० गुणिले ¼, म्हणजे ०.००३१२५. शंभर डॉलरच्या तेलामागे एकतीस सेंट, करकपातीच्या आधी. बाहेरून बघणाऱ्याला हे नेट एकर पूर्ण साखळी तपासल्याशिवाय कळत नाहीत, तेव्हा त्यांचा अंदाज ठोकून देण्यापेक्षा तो रकाना कोरा ठेवलेला बरा.

लीजसारखे दिसणारे सगळे दस्त नव्या हालचालीचे नसतात. 'एक्स्टेन्शन' म्हणजे जुन्याच कंपनीने वाढीव मुदतीचे पैसे भरले. तिला जागा सोडायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'रॅटिफिकेशन' बहुतेकदा विहीर खोदायची वेळ आली तेव्हा सही राहून गेलेल्या हिस्सेदाराची संमती असते. 'टॉप लीज' मात्र दिसली की थांबून वाचा: पहिली लीज अजून जिवंत असताना दुसऱ्याने तिच्यावर आपली लीज चढवून ठेवलेली असते, पहिली संपली की दुसरी लागू. एखाद्या भागात टॉप लीज दिसू लागल्या, की बसलेल्या कंपनीला जागा राखता येणार नाही अशी पैज लावणारा कोणीतरी आलाय, असं धरायला हरकत नाही. 'मिनरल डीड' म्हणजे लीज नव्हे, कायमची विक्री. असे दस्त अचानक वाढले तर खनिज विकत घेणारे फंड उतरलेत. त्यांना काही ठाऊक असेलच असं नाही, पुष्कळदा ते लीजच्या बातमीमागोमाग येतात.

तारखांचा घोळ वेगळाच. टेक्ससमध्ये लीज नोंदवायला मुदतीचं बंधन नाही. नोंदवली नाही तर तीच जमीन बेसावध तिसऱ्याला लिहून दिली जाण्याचा धोका, म्हणून कंपन्या नोंदवतात, पण सोयीने. त्यात पैसे बहुधा ड्राफ्टवर देतात: मालकी तपासून मग तीस, साठ, कधी नव्वद बँक-दिवसांनी वटणारा. तोवर दस्त फाइलमध्ये पडून असतो. परिणामी मार्चमध्ये सही झालेल्या लीज जुलैत एकदम दप्तरात येतात आणि नोंदणीची तारीख बघणाऱ्याला वाटतं की जुलैत उसळी आली. खरेदी मार्चमध्ये झाली होती. जुलैपर्यंत कदाचित थांबलीही असेल. म्हणून आलेख लागू तारखेवर काढायचा, आणि त्याच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांची घसरण कधीही खरी मानायची नाही. ते कागद अजून वाटेत असतात.

परवान्याशी सांगड

लीज हा नुसता इरादा. विहिरीचा पहिला सरकारी कागद डब्ल्यू-१, म्हणजे ड्रिलिंगचा अर्ज. तो रेलरोड कमिशनच्या साइटवर काउंटी निवडून फुकट दिसतो. त्यात चालक कंपनी, सर्व्हे, अॅब्स्ट्रॅक्ट, खोली, विहीर सरळ की आडवी, सगळं असतं. फील्डच्या रकान्यात 'वाइल्डकॅट' असेल, तर माहीत असलेल्या तेलक्षेत्राबाहेरचा हा प्रयोग आहे. मंजूर परवाना दोन वर्षं चालतो, म्हणून परवाना मिळाला म्हणजे विहीर होणारच असं नाही. अनेक तुकडे एकत्र करून युनिट केलं असेल तर सोबत पी-१२ जोडतात; त्यात तुकड्यांची यादी असते आणि कोणत्या तुकड्यात अजून लीज न झालेला हिस्सा आहे, तेही. एका पानात इतकी उपयोगी माहिती दुसरीकडे मिळत नाही. विहिरीच्या एपीआय क्रमांकात, म्हणजे तिच्या ओळख-क्रमांकात, पहिले दोन अंक राज्याचे, टेक्ससचा ४२. पुढचे तीन काउंटीचे, ला सॅलचा २८३. जनगणनेच्या संकेतांत टेक्सस ४८ आहे. दोन तक्ते जोडताना हे ४२ आणि ४८ अनेकांना रात्रभर जागवतात.

ला सॅल काउंटीचं नाव उगाच घेतलं नाही. २००८ मध्ये पेट्रोहॉक कंपनीने तिथे ईगल फर्ड शेल या खडकाच्या थरातली शोध-विहीर खोदली: ३,२०० फुटांची आडवी लांबी, दहा टप्प्यांत फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडणं), दिवसाला ७६ लाख घनफूट वायू. शरद ऋतूत शोध जाहीर झाला तेव्हा आजूबाजूचं भलंमोठं क्षेत्र कंपनीच्या हातात आधीच होतं. विहिरीची बातमी वाचून धावणाऱ्याला उशीर झालेला असतो, त्याचं हे नमुनेदार उदाहरण. तीनच वर्षांनी, २०११ मध्ये, बीएचपी या बड्या खाणकंपनीने पेट्रोहॉक १२ अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतली.

क्लर्कचं दप्तर सगळं मात्र दाखवत नाही. सरकारी मालकीच्या खनिजाचे लिलाव टेक्ससचं जनरल लँड ऑफिस करतं. टेक्सस विद्यापीठांची पश्चिमेकडची सुमारे २१ लाख एकर जमीन 'युनिव्हर्सिटी लँड्स' सांभाळतं. काही जमिनींत तर खनिज सरकारचं आणि लीज देण्याचा अधिकार वरच्या मालकाचा, अशी १८९५ ते १९३१ दरम्यानच्या विक्रीतून आलेली गंमत आहे. पश्चिम टेक्ससच्या काउंटीवर नजर ठेवायची तर या तिन्हींच्या याद्या वेगळ्या बघाव्या लागतात.

भावाचं काय? मेमोरँडम तो लपवतो. टेक्ससमध्ये सार्वजनिक लिलावांचे आकडे आणि शेजाऱ्यांच्या गप्पा, यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. गप्पांत नेहमी गावातला सर्वांत मोठा आकडा फिरतो. ओक्लाहोमात मात्र खजिना आहे. तिथे लीज न देणाऱ्यालाही युनिटमध्ये ओढता येतं. त्यासाठी कॉर्पोरेशन कमिशन जो पूलिंगचा आदेश काढतं, त्यात एकरी बोनस आणि रॉयल्टीचे पर्याय उघड लिहिलेले असतात: जास्त बोनस घ्या आणि कमी रॉयल्टी, किंवा उलट. आसपासच्या सेक्शनमध्ये अलीकडे काय भाव दिला गेला, त्यावरून ते आकडे ठरतात. भावाचा इतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही. आणि भाव किती झपाट्याने पळतो ते लुईझियानाच्या हेन्सव्हिल शेलने २००८ मध्ये दाखवलं. वर्षाच्या सुरुवातीला एकरी काही शे डॉलर, उन्हाळ्यात वीस हजार आणि वर, शरदात बाजार कोसळला. तेव्हा न वटलेला ड्राफ्ट हातात असलेल्यांना 'मालकी तपासून मग' या तीन शब्दांचा अर्थ कळला.

तक्त्यातला शेवटचा रकाना संपण्याच्या तारखेचा. १५ मार्च २०२४ ला लागू झालेली तीन वर्षांची लीज मार्च २०२७ च्या मध्याला संपते, वाढवली तर २०२९ ला. पण उत्पादन चालू असेल तोवर ती मुदतीनंतरही जगते, आणि एका कोपऱ्यातली विहीर करारात अटकाव नसेल तर हजारो एकर धरून ठेवू शकते. संपलेल्या लीजचं 'रिलीज' कंपनीने नोंदवायला हवं. पुष्कळ जणी नोंदवत नाहीत, आणि मेलेल्या लीज दप्तरात वर्षानुवर्षं जिवंत दिसतात. तेव्हा मुदत उलटलेल्या प्रत्येक ओळीसाठी कमिशनच्या मासिक उत्पादनाच्या नोंदी उघडा. त्या तुकड्यावर किंवा त्याच्या युनिटवर विहीर नाही, एक्स्टेन्शनही नोंदलेलं नाही, तर तो रंग नकाशावरून पुसा. पुसलेल्या त्या तुकड्यांभोवतीच पुढची लीज बहुधा येते.